वीस सेकंदांनंतर ठमाबाई

बारामतीहून इंदापूरला निघालं, की लासुर्णे मागं पडल्यावर थोड्याच वेळात रस्त्याला लागून हिरव्या जाळीचं एक मोठं शेड दिसतं. पाटीवर लिहिलंय ‘गेणूतात्या हायटेक नर्सरी’. पण ते नाव कुणाच्या तोंडी नाही. एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘ठमाबाईची नर्सरी, चला उतरा’ असंच ओरडतो. गेणूतात्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. “पाटी माझी, नर्सरी तिची,” असं ते आल्यागेल्याला स्वतःच हसत हसत सांगायचे.

आणि ते खरंच होतं. ठमाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा रानात सगळा ऊस होता. विहिरीजवळ एक कोपरा मोकळा होता, तिथं त्यांनी हौसेनं वांग्याचं आणि मिरचीचं बी टाकलं. तेव्हा रोप म्हणत नसत, तरू म्हणत. तरू उपटायचं, पेंड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात गुंडाळून डोक्यावरच्या पाटीत घालायच्या आणि इंदापूरच्या बाजारात जाऊन बसायचं. बाजारात तरू विकणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. पण ठमाबाईंच्या पुढ्यात गिऱ्हाईक जास्त थांबायचं, कारण त्यांची एक सवय होती. पेंडी हातात देताना त्या म्हणायच्या, “मेलं तर पुढच्या बाजाराला ये. दुसरं देते.” आणि खरंच द्यायच्या. तात्या सुरुवातीला कुरकुरायचे. नंतर त्यांच्याही लक्षात आलं, की परत यायचे त्यातले बहुतेक जण मेलेलं तरू घेऊन येत नसत, नवीन मागायला येत.

मुलगा अविराज बारामतीहून शेतीची पदविका घेऊन आला आणि त्यानं कोपऱ्याचं शेड केलं. प्लॅस्टिकचे ट्रे आले, मातीऐवजी नारळाच्या काथ्याचं कोकोपीट आलं, फवाऱ्यानं पाणी देणं आलं. टोमॅटो, ढोबळी मिरची, कलिंगड, झेंडू, सगळ्याची रोपं तयार व्हायला लागली. काही वर्षं चांगली गेली. मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेक करत हिरव्या जाळ्या उभ्या राहिल्या, आणि लांबून येणारा माणूस कुठल्या शेडपाशी गाडी थांबवील याचा काही नेम राहिला नाही.

अविराजच्या डोक्यात टीव्हीवर जाहिरात द्यायचं आलं ते तेव्हाच. बारामतीच्या कृषी प्रदर्शनात त्याची मोहित नावाच्या पुण्याच्या एका जाहिरातवाल्याशी ओळख झाली होती. एका मराठी वाहिनीवर संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा. त्याच्या मधोमध वीस सेकंदांची जाहिरात, पंधरा दिवस.

खर्चाचा आकडा ऐकून ठमाबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. दुसरं शेड उभं करायला म्हणून बाजूला काढलेले पैसे होते, ते सगळे त्यात जाणार होते.

“वीस सेकंदं म्हंजी किती रं?” त्यांनी विचारलं.

“आई, तू खोकलीस तरी तेवढा वेळ जातो,” अविराज प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग एका खोकल्यापायी शेड घालवायचं व्हय?”

त्यांना वाटलं तात्या आपल्या बाजूनं बोलतील. पण तात्यांचे डोळे वेगळेच चमकत होते. “टीव्हीवर लागंल म्हंतोस? आन् मी दिसंन का त्यात?” त्यांनी विचारलं. अविराजनं हो म्हणून मान हलवल्यावर विषयच संपला. ठमाबाई पुन्हा ट्रे भरायला लागल्या. नवऱ्याची हौस त्यांनी आयुष्यात फार वेळा पाहिली नव्हती, त्यामुळं मोडावीशीही वाटली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मोहित आपली माणसं घेऊन आला. पांढऱ्या छत्र्या, मोठाले दिवे, आणि पुण्याहून आणलेली जरीकाठाच्या साडीतली एक हसरी मुलगी. ती शेडमधून ट्रे घेऊन चालणार होती. तात्यांना फेटा बांधून दारात हात जोडून उभं केलं होतं. ठमाबाईंना काही काम नव्हतं. त्या आपल्या कडेच्या बाकावर बसून होत्या. सून वृषाली तिच्या माहेरी दाखवायला म्हणून मोबाइलवर सगळं टिपत होती.

मुलगी तिसऱ्यांदा हसत निघाली आणि बाहेर मोटरसायकल करकचून थांबली. शेळगावचा भिमा आत शिरला. हातात सुकलेल्या टोमॅटोच्या रोपांची जुडी, आणि तोंड सुटलेलं.

“अविराज कुठाय? ही रोपं दिली व्हय मला? समदं रान बसलं माझं! वर फेटं बांधून फोटू काढताय?”

मोहित “कट, कट” करत मधे आला. अविराजचं तोंड पांढरं पडलं. ज्या दिवशी ‘विश्वासाची नर्सरी’ म्हणून जाहिरात काढायची, त्याच दिवशी हे असं. तो भिमाला खांद्याला धरून बाहेर न्यायला लागला, तसा भिमा आणखी चढला.

ठमाबाई उठल्या. “त्याला सोड आधी,” त्या अविराजला म्हणाल्या. मग भिमाला बाकावर बसवलं, वृषालीच्या शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. “पी. उन्हातून आलाईस.”

“काकू, पाणी नगं मला. माझं रान—”

“पी तर. रान कुठं पळतंय?”

भिमा पाणी प्याला. ठमाबाईंनी जुडीतलं एक रोप हातात घेऊन मुळापाशी चाचपलं. “कवा लावली?”

“परवा. दुपारी मजूर मिळालं, दुपारीच लावली.” एवढं म्हणून भिमाच जरा अडखळला. परवाच्या दुपारी ऊन कसलं होतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ठमाबाईंनी रोप बाकावर ठेवलं. “चूक तुझी का माझी, ती मागनं बघू. रान तयार हाय न्हवं?”

“हाय.”

“मग जातान्ला तेवढी रोपं घिऊन जा. संध्याकाळी लाव. पैशाचं नाव काढू नगंस.”

भिमाचा आवाज एकदम उतरला. त्यानं रिकामा तांब्या हातात फिरवला. मग म्हणाला, “काकू, मी लई बोललो.”

“बोललास. जा आता, ह्या लोकांचं काम खोळंबलंय.”

तो गेला, दिवे पुन्हा लागले, मुलगी हसली, तात्यांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

जाहिरात पहिल्यांदा लागायची त्या संध्याकाळी तात्यांनी निम्मी वस्ती घरी बोलावली होती. ओटीवर सतरंज्या टाकल्या, टीव्हीचा आवाज वाढवला. शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, निवेदक म्हणाला “भेटूया विश्रांतीनंतर”, आणि वस्तीवरचा विजेचा डीपी उडाला. अंधारात कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तात्या मात्र फेटा बांधून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जाहिरात दिसली. ठमाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत संपलीही होती.

“अगंबाई, झाली बी?”

“छान होती आत्या,” वृषाली म्हणाली. “तात्या दिसले.”

“किती?”

“हात जोडण्यापुरते.”

त्या पंधरा दिवसांत फोन आले, नाही असं नाही. पण जाहिरात लागायची ती लोकांच्या जेवणाच्या वेळी. नंबर लिहून घ्यायला पेन हुडकेपर्यंत पडद्यावर साबणाची जाहिरात लागलेली असायची. पंधरा दिवस संपले आणि फोनही थांबले. पुढच्या शेडवाल्यानं एकदा मुद्दाम विचारलं, “काय अविराजराव, दिसत न्हाय आता टीव्हीवर?” त्या दिवसापासून अविराज रस्त्याकडच्या बाजूला बसेनासा झाला. ठमाबाईंना शेड गेल्याचं दुःख होतंच, पण पोराचा पडलेला चेहरा बघवत नव्हता. त्या त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

शेवटी वृषालीनंच मोहितला फोन लावला. जाहिरात आमची आहे, तर ती आम्हाला आमच्याकडं ठेवता येईल का, एवढंच तिनं विचारलं. त्यानं लगेच पाठवली. वृषालीनं नर्सरीच्या नावानं यूट्यूबवर चॅनल उघडलं, जाहिरात टाकली आणि गावच्या, माहेरच्या, बचतगटाच्या अशा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. लोकांनी अंगठ्याची, जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली, आणि ते तेवढ्यावरच राहिलं. मग एका दुपारी मोबाइलमधले जुने व्हिडिओ काढून टाकताना तिला तो भिमाचा प्रसंग सापडला. तो तिनं जसाच्या तसा, वर नाव देऊन चॅनलवर टाकला: ‘जाहिरातीत न आलेल्या ठमाबाई’.

तो व्हिडिओ कसा कुठं गेला, कुणालाच सांगता येणार नाही. आधी इंदापूर तालुक्यात फिरला, मग बारामती, मग सोलापूर, सांगलीकडं. खाली लोक लिहायला लागले. ‘ही ती टीव्हीवर लागायची तीच नर्सरी ना?’ ‘अरे हो, ती फेट्यातले काका हात जोडायचे ती.’ ज्यांनी टीव्हीवर जाहिरात अर्धवट पाहिली होती त्यांना आता ती आठवायला लागली, आणि ती पुन्हा बघायला ते वृषालीच्या चॅनलवर यायला लागले. ज्यांनी कधीच पाहिली नव्हती, ते ‘टीव्हीवर लागायची’ हे वाचून बघू लागले. वीस सेकंदांची ती जाहिरात टीव्हीवरून केव्हाच गेली होती, तरी लोक तिला रोज नव्यानं बघत होते. आणि आता तिच्याखाली नंबर होता, रस्ता होता, ‘अमुक रोप आहे का’ विचारायला जागा होती.

अविराजला हे कळेना. त्यानं मोहितला विचारलं.

“टीव्हीवर जाहिरात येते ती न विचारता येते,” मोहित म्हणाला. “माणूस जेवत असतो, नजर जाते, विसरून जातो. पण कुठंतरी नाव राहतं, टीव्हीवर आलेले लोक आहेत एवढं राहतं. पुढं फोनवर कुणी पाठवलं, की तेच नाव वर येतं. आणि फोनवरचं तो स्वतः उघडतो, थांबवतो, पुन्हा बघतो, भावाला पाठवतो. तुमचे पैसे पंधरा दिवसांचे नव्हते हो. आपण मात्र ते पंधरा दिवसांतच मोजत बसलो. माझंही चुकलंच, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

ठमाबाईंपर्यंत यातलं फारसं पोचलं नव्हतं. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन होता. एका सकाळी अकलूजकडचा एक अनोळखी माणूस झेंडूची रोपं घ्यायला आला आणि त्यांच्याकडं निरखून बघत म्हणाला, “तुमीच का त्या काकू? आन् तो भांडखोर कोन हो? आमच्याकडं पोरं त्याची नक्कल करत्यात. ‘समदं रान बसलं माझं!’” आणि तो खदखदून हसला.

ठमाबाईंनी रोपं दिली, पण त्यांचं मन लागेना. दुपारी त्यांनी वृषालीला समोर बसवून तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला. स्वतःला बघून त्यांना हसू आलं, लाजही वाटली. भिमाला बघून मात्र त्या गंभीर झाल्या.

“हे काढून टाक.”

“आत्या, लोक तुमचं कौतुक करतायत.”

“माझं कौतिक करत्यात आन् त्याला हसत्यात. त्याला इचारलं व्हतं का आपण?”

ते वृषालीच्या मनातच आलं नव्हतं. अविराज म्हणाला, “आई, आत्ता कुठं फोन यायला लागलेत. आणि आपण काढला तरी दुसऱ्यांच्या फोनमधून कसा जाणार?”

“दुसऱ्यांचं मला म्हाईत न्हाय. आपला तरी काढ. आन् मला शेळगावला न्ये.”

वृषालीनं तिथल्या तिथं काढला. अविराजनं धुसफुसत मोटरसायकल काढली. वाटेत मायलेकरांत एक शब्द झाला नाही.

भिमा रानातच होता. ठमाबाईंना बांधावर बघून धावत आला. त्यांनी प्रस्तावना केली नाही. “भिमा, तुझा तो व्हिडिओ आमच्या सुनंनं टाकला. तुला न इचारता. लोक हसत्यात म्हणं. मी काढायला लावलाय. राग धरू नगं.”

भिमा मान खाजवत उभा राहिला. “काकू, खरं सांगू? पयल्यांदा लई राग आला. सासुरवाडीला गेलो तर मेव्हणा म्हंतो, दाजी, रान बसलं का उठलं? समदी जेवता जेवता हसली.”

“आन् मग?”

“मग बायकू म्हनली, हसू द्या. तुमी भांडायला गेला आन् पानी पिऊन आला, हे बी लोकांनी बघितलंच की.” त्यानं हाताची माती झटकली. “पन माझं एक म्हननं हाय. तितं मी नुसता वरडताना दिसतोय. त्याच्या म्होरचं कुनालाच दिसत न्हाय. ते दाखवा. हे बघा.”

त्यानं हात केला तिकडं टोमॅटो तारेवर चढले होते. घडच्या घड लोंबत होते, काही लाल, काही अजून हिरवे. ठमाबाई वाकून सरीत शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. अविराजनं खिशातून फोन काढला.

“भिमाभाऊ, बोला,” तो म्हणाला.

“काय बोलू?”

“तुमच्या मनाचं.”

भिमा बोलला. आपण भर उन्हात लावणी केली होती हे त्यानं कुणी न विचारता सांगितलं, दुसऱ्या खेपेला संध्याकाळी केली तेही सांगितलं, आणि शेवटी मेव्हण्याचं नाव घेऊन म्हणाला, “उठलं बरं का रान!” एवढं म्हणून त्यानं जे हसू आणलं, तसं हसू त्या जरीकाठाच्या मुलीलाही तीनदा सांगून आलं नव्हतं. परतताना अविराजनं वाटेत गाडी थांबवून आईला उसाचा रस पाजला. दोघांचं बोलणं आपसूक सुरू झालं.

वृषालीनं भिमाला फोन करून रीतसर विचारलं आणि जाहिरातीसकट तिन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ जोडून टाकले. सुरुवातीला टीव्हीवरची जाहिरात, मग भांडण, मग तारेवरचे टोमॅटो. या वेळी कुणी नक्कल केली असेल तर ती कानावर आली नाही. शेळगावच्या भिमालाच आता लोक फोन करून लावणीचं विचारायला लागले, आणि तोही मोठ्या ऐटीत ‘संध्याकाळची करा’ म्हणून सांगायला लागला.

त्या हंगामात रोपांची मागणी इतकी आली, की ट्रे उधार आणावे लागले. पावसाळा सरता सरता शेजारी दुसरं शेडही उभं राहिलं. अविराज आता टीव्हीला वाईट म्हणत नाही, चांगलंही म्हणत नाही. यंदा त्यानं मोहितकडून दहाच सेकंदांची जाहिरात घेतली. त्यात मुलगी नाही, दिवे नाहीत. तात्या फेटा बांधून एवढंच म्हणतात, “बाकीचं फोनवर बघा.” वस्तीवर सगळ्यांनी ती उजेडात बघितली.

थंडी पडल्यावर करमाळ्याकडून द्वारकाबाई नावाच्या बाई स्वतःच पिकअपमध्ये बसून आल्या. अंगानं दणकट, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, “टीव्हीवर एकदा बघितलं व्हतं, नाव ध्यानात राहिलं न्हवतं. मग लेकीनं फोनवर दाखवलं. म्हनलं, हीच की ती. तवाच ठरवलं, मिरची घ्यायची ती हितनंच.” रोपं भरून झाली तरी त्यांचा पाय निघेना. जाताना ठमाबाईंचा हात धरून म्हणाल्या, “लागली का न्हाय ते बघायला तुमीच यायचं. मी फोन करीन.”

असं बोलतात लोक, म्हणून ठमाबाईंनी मनावर घेतलं नाही. पण द्वारकाबाईंनी खरंच फोन केला. आणि तेव्हा ठमाबाईंच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं हातातून रोपं गेली, पण जवळपासची दोनचार रानं सोडली तर ती पुढं कुठं वाढली, कशी फळली, हे आपण कधी जाऊन पाहिलंच नाही. पाटी रिकामी झाली की घरी यायचं, ट्रे रिकामे झाले की पुन्हा भरायचे.

“जाऊ या की,” तात्या म्हणाले. त्यांना कुठंही जायला निमित्तच हवं असायचं.

अविराजनं गाडी काढली. भिगवणवरून उजनीचं पाणी ओलांडताना उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. तात्यांनी गाडी थांबवायला लावून फोटो काढले. ऊन चढेपर्यंत ते द्वारकाबाईंच्या रानात पोचले.

मिरची कमरेला लागत होती. द्वारकाबाईंच्या लेकी-सुना तोडणीला लागल्या होत्या. कुणी वर बघून हसलं, कुणी ‘त्याच ह्या’ म्हणून दुसरीला सांगितलं. ठमाबाईंनी चपला बांधावर काढल्या आणि सरीतून चालत गेल्या. दोन्ही बाजूंना हात लावत, पार दुसऱ्या टोकापर्यंत. तिथं जाऊन त्या वळल्या तर सगळा पट्टा समोर होता, हिरवागार, आणि त्यात रंगीत लुगडी वाकलेली.

“काय बघतीयास?” तात्यांनी लांबूनच हाक मारली.

“काय न्हाय,” त्या म्हणाल्या. “चांगली लागलीय.”

मग त्यांनी पदर खोचला आणि तोडणीला कुणी नसलेल्या एका ओळीत शिरून त्याही मिरच्या तोडायला लागल्या. द्वारकाबाई “अवं पाव्हनीबाई, ऱ्हाऊ द्या” म्हणत धावत आल्या, पण तोवर ठमाबाईंची ओंजळ भरली होती.